दिवस राहिलेल्या बाईच्या रात्री

(सारोळे, ता. भोर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी भाषेने गरोदरपणाला दिवसांचे नाव दिले आहे. बाईला दिवस जातात, दिवस राहतात आणि अखेरीस दिवस भरतात. नऊ महिने नऊ दिवसांचा हिशेब घरातली म्हातारी बोटांच्या पेरांवर करते. या हिशेबात रात्री निराळ्या मोजण्याची गरज कोणाला भासली नाही. दिवस म्हटला की त्याच्या पोटी त्याची रात्र आलीच आणि ती रात्र अंधाराची व झोपेची असणार, हे सर्वांनी गृहीत धरलेले होते.

सारोळ्याच्या माणसाला हे गृहीत आता कितपत खरे आहे, हे कोणी सांगावयास नको. गावाला लागून पुणे-सातारा महामार्ग जातो. त्याच्यावरील दिव्यांची रांग रात्रभर तुटत नाही. नीरेचा पूल ओलांडला की शिरवळ आणि तेथून पुढे खंडाळ्यापर्यंत पसरलेले कारखाने. त्यांच्या छपरांवरचा पांढरा उजेड नदीच्या अलीकडूनही दिसतो. कारखान्याच्या भाषेत दिवसाचे तीन तुकडे पडले आहेत, पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. बाईच्या शरीराच्या मासिक चक्रालाही आपल्या भाषेत पाळीच म्हणतात. हा केवळ शब्दांचा योगायोग आहे. पण कारखान्याची पाळी दर आठवड्याला बदलली की शरीराची पाळीही अनियमित होते, असे परिचारिकांच्या पाहणीत दिसून आलेले आहे, तेव्हा या योगायोगावर नुसते हसून चालणार नाही.

या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे की उजेड आणि अंधार यांचा गरोदर बाईशी व तिच्या पोटातील जिवाशी काय संबंध असतो, आणि तो संबंध बिघडवण्याचा अधिकार कोणाला असावा.

प्रथम शरीरातील घड्याळाविषयी. माणसाच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात त्याच्या किंचित वर, तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशी पेशींची एक जोडगोळी आहे. दोहोंत मिळून सुमारे वीस हजार पेशी असतात. शास्त्रज्ञ तिला सुप्राकायाझ्मॅटिक न्यूक्लियस म्हणतात. व्यवहारापुरते तिला मुख्य घड्याळ म्हणणे पुरे. शरीराचे तापमान केव्हा चढावे, रक्तदाब केव्हा उतरावा, भूक केव्हा लागावी, कोणते संप्रेरक कोणत्या प्रहरी पाझरावे याचे वेळापत्रक येथून ठरते. यकृत, स्वादुपिंड, गर्भाशय या इंद्रियांच्या पेशींतही लहान लहान घड्याळे आहेत आणि ती या मुख्य घड्याळाशी वेळ जुळवून चालतात. पेशीच्या आत हे घड्याळ कोणत्या जनुकांमुळे चालते याचा उलगडा फळमाशीवरील प्रयोगांतून झाला आणि त्यासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ स्वतःच्या चालीने चोवीस तासांच्या जवळपास फिरते. परंतु तंतोतंत नव्हे. रोज त्याला थोडे पुढे-मागे सारून सूर्याशी जुळवावे लागते, आणि ते काम उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात, आकृती पाहण्यासाठी लागणाऱ्या पेशींखेरीज, निळसर प्रकाशाला विशेष जागणाऱ्या काही निराळ्या पेशी आहेत, हे २००२ च्या सुमारास सिद्ध झाले. त्या चित्र दाखवत नाहीत, फक्त उजाडले की मावळले एवढे मुख्य घड्याळाला कळवतात. अंधार पडल्याची वर्दी मिळाली की मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून मेलॅटोनिन हे संप्रेरक रक्तात येऊ लागते. उत्तररात्री त्याचे प्रमाण चढते आणि पहाटे ओसरते. १९८० साली अमेरिकेतील अल्फ्रेड ल्यूई व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की भर रात्री माणसाच्या डोळ्यांवर प्रखर उजेड पाडला तर रक्तातील मेलॅटोनिन झपाट्याने खाली येते. त्यांनी वापरलेला उजेड २५०० लक्सचा होता. पुढे हेही कळले की त्यासाठी इतक्या प्रखर उजेडाची गरजच नाही. खोलीतील नेहमीचा, शंभर-दोनशे लक्सचा दिवाही हे काम करतो. तुलनेसाठी सांगावयाचे तर माध्यान्हीच्या उन्हात उजेड लाखभर लक्सच्या घरात असतो आणि पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सदेखील भरत नाही. हजारो पिढ्या माणसाच्या रात्रीला चांदण्याहून अधिक उजेड ठाऊक नव्हता. होता तो चुलीचा आणि दिव्याच्या वातीचा, आणि त्यात निळा अंश अगदी अल्प असतो.

आता पोटातील बाळाकडे वळावे. गर्भाला स्वतःची रात्र नसते. गर्भाची पिनिअल ग्रंथी मेलॅटोनिनचा दैनिक चढउतार घडवू शकत नाही. ती शक्ती मुलाला जन्मानंतर दोन-तीन महिन्यांनी येते. तोवर रात्र झाल्याची वर्दी त्याला आईच्या रक्तातून मिळते, कारण मेलॅटोनिन वारेतून सहज पार होते. गरोदरपणात आईच्या रक्तातील रात्रीच्या मेलॅटोनिनचे प्रमाण वाढत जाते आणि दिवस भरत येतात तेव्हा ते सर्वाधिक असते. गर्भाच्या मेंदूतील घड्याळाच्या पेशी साधारण पाचव्या महिन्यातच ओळखू येऊ लागतात. स्टीव्हन रेपर्ट आणि विल्यम श्वार्ट्झ यांनी १९८३ साली उंदरांवरील प्रयोगाने दाखवून दिले की गर्भाशयात असतानाच पिलांच्या मेंदूतील घड्याळ दिवसा चढते व रात्री उतरते आणि ते आईच्या घड्याळाबरहुकूम चालते. पुढच्या प्रयोगांत आईच्या मेंदूतील घड्याळच नष्ट केले, तेव्हा पिलांची घड्याळे बंद पडली नाहीत, पण त्यांचा एकमेकांशी मेळ उरला नाही. घरातील कर्ती बाई नाहीशी झाल्यावर ज्याने त्याने वाटेल त्या वेळी ताट वाढून घ्यावे, तशी ती अवस्था होती.

बाळंतपण स्वतःही रात्रीशी बांधलेले आहे. कळा आपोआप सुरू झालेली बाळंतपणे रात्री व पहाटे अधिक होतात, हे खेड्यातील सुइणीला ठाऊक होते आणि आकडेवारीनेही तेच सांगितले. गर्भाशयाच्या स्नायूंत मेलॅटोनिनला प्रतिसाद देणारी केंद्रे आहेत. कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनला मेलॅटोनिन बळ देते, हे मानवी पेशींवरील प्रयोगांत २००९ साली दिसले. म्हणजे अंधार हा बाळंतिणीच्या मदतीस येणारा आहे. प्रसूतिगृहात मात्र ट्यूबलाइटच्या लखलखाटात तिला रात्रभर जागे ठेवून सकाळी कळा मंदावल्या म्हणून सलाइन लावण्याचा प्रघात सरसकट चालतो. दिवा डॉक्टरांना लागतो हे मान्यच आहे; तो सतत आणि सगळीकडे लागतो हे मान्य करण्याचे कारण नाही.

जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत याचा पुरावा जुना आणि सरळ आहे. १९८६ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे अपुऱ्या दिवसांच्या ४१ मुलांची पाहणी झाली. काहींना रात्री दिवे मंद आणि आवाज कमी अशा खोलीत ठेवले, काहींना चोवीस तास सारख्याच उजेडात. रात्र मिळालेली मुले पुढे अधिक झोपू लागली आणि त्यांचे वजन अधिक वेगाने वाढले. या मुलांना कोणतेही महाग औषध दिलेले नव्हते. जुन्या मराठी घरातील बाळंतिणीची अंधारी खोली या निमित्ताने आठवणे साहजिक आहे. पण तिचे समर्थन यातून निघत नाही. त्या खोलीत रात्र होती, दिवस नव्हता, आणि शेगडीचा धूर होता. तान्ह्या मुलाला दोन्ही हवे असतात. रात्रीच्या आईच्या दुधात मेलॅटोनिन उतरते, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसते. तेव्हा दिवसा खिडकी उघडी आणि रात्री दिवा मंद, एवढी शिस्त पाळली तर मूल लवकर दिवस-रात्र ओळखू लागते.

रात्रीचे काम आणि गर्भ यांचा संबंध केवळ तर्कावर उभा नाही. २०१२ साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गाभण उंदरीणींच्या तीन गटांवर प्रयोग झाला. एका गटाचा दिवस-रात्रीचा क्रम नियमित ठेवला. दुसऱ्या गटाची वेळ दर काही दिवसांनी सहा तास मागे नेली, तिसऱ्या गटाची सहा तास अलीकडे ओढली. पहिल्या गटातील सुमारे नव्वद टक्के उंदरीणींना दिवस भरून पिले झाली. दुसऱ्यात हे प्रमाण पन्नास टक्क्यांवर आले आणि तिसऱ्यात बावीसवर. खाणे तेच, पिंजरा तोच. बदलली होती ती फक्त दिवा लागण्याची वेळ.

उंदरीण म्हणजे बाई नव्हे, हा आक्षेप योग्य आहे. म्हणून माणसांची पाहणी. डेन्मार्कमध्ये, जेथे सरकारी रुग्णालयांतील प्रत्येक पाळीची नोंद राहते, २२,७४४ गरोदर नोकरदार स्त्रियांची माहिती तपासली गेली आणि २०१९ साली ती प्रसिद्ध झाली. आठव्या आठवड्यानंतर, ज्या स्त्रीने आदल्या आठवड्यात दोन किंवा अधिक रात्रपाळ्या केल्या तिच्या गर्भपाताचा धोका रात्रपाळी न केलेल्या स्त्रीपेक्षा ३२ टक्क्यांनी अधिक आढळला. त्याआधीच्या आठवड्यांतले गर्भपात बहुधा गर्भाच्या जनुकीय दोषांमुळे होतात, त्यामुळे तेथे पाळीचा परिणाम झाकला जात असावा, असे कारण दिले जाते. त्याच वर्षी कॅनडातील संशोधकांनी ६२ अभ्यास आणि १,९६,९८९ स्त्रिया यांचा एकत्रित ताळा मांडला. बदलत्या पाळ्यांत काम करणाऱ्या स्त्रियांत अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका १३ टक्क्यांनी, मूल वयाच्या मानाने लहान राहण्याचा १८ टक्क्यांनी आणि गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीवाटे प्रथिने जाण्याच्या घातक विकाराचा ७५ टक्क्यांनी अधिक होता. कायम रात्रपाळी करणाऱ्यांत अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा २१ व गर्भपाताचा २३ टक्क्यांनी अधिक. आठवड्याला चाळीस तासांहून जास्त काम हेही स्वतंत्रपणे धोका वाढवते, असे त्याच ताळ्यात निघाले.

या आकड्यांनी घाबरून जाऊ नये. रात्रपाळी केलेल्या बहुसंख्य स्त्रियांची मुले सुखरूप जन्मली आहेत. आकडा सांगतो तो एवढेच, की लहान धोका थोडा मोठा होतो. परंतु धोका लहान असला तरी हजारो स्त्रियांच्या बाबतीत तो मोजावा लागतो. शिवाय रात्रपाळी एकटी येत नाही. तिच्या मागोमाग उभ्याने काम, ओझे, अवेळी खाणे, आणि सकाळी घरी पोचल्यावर पुन्हा घरची पाळी येते. धोक्यातला उजेडाचा वाटा किती आणि कष्टांचा किती, हे शास्त्रज्ञांनी सावकाश वेगळे करावे. बाईच्या शरीरावर ते सगळे एकदमच येते.

याच पुणे जिल्ह्यात त्याचा दाखला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा जो प्रदीर्घ अभ्यास केला, त्यात गरोदरपणी जिला शेताचे व घरचे काम सर्वांत अधिक पडत होते तिचे मूल आकाराने लहान निघाले. या खेड्यांतील पूर्ण दिवसांच्या मुलांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील मुलांचे ३.५ किलो. अन्नाइतकाच विश्रांतीचाही हा हिशेब आहे, आणि विश्रांतीचा मोठा भाग रात्र असते.

आता एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. नीरेपलीकडे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे की अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खुराड्यात रात्री दिवा का लावतात. तो सांगेल की कोंबडीला रोज सुमारे सोळा तास उजेड मिळाला तर ती अंडी अधिक देते, आणि तो उजेड एकाच ठराविक वेळी लागला व मावळला पाहिजे, त्यात हयगय झाली की अंडी घटतात. शेवंती लावणारा शेतकरीही रात्री बागेत बल्ब लावून फुलांचा बहर लांबवतो. उजेडाचा जननाशी असलेला संबंध ज्यांना पैशाच्या भाषेत उमगला, त्यांनी तो घड्याळ लावून पाळला. कोंबडीच्या दिव्याचे वेळापत्रक आहे. कोंबड्यांचे खाद्य ज्या कारखान्यात तयार होते तेथे रात्री उभ्या असणाऱ्या पोटुशा बाईचे नाही.

खेड्यातील रात्रही पूर्वीची उरलेली नाही. शेतीपंपाच्या वाहिनीला तीन फेजची वीज आलटून-पालटून एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री देण्याची पद्धत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालली. म्हणजे ज्याने कारखान्याचे तोंड पाहिले नाही त्या कुटुंबालाही बदलती पाळी लागली. दारे धरायला रात्री पुरुष गेला तर बाई कंदील-बॅटरी घेऊन बरोबर जाते, किंवा घरी जागी राहते. भाटघरच्या आणि वीरच्या धरणांच्या पायथ्याशी वीज तयार होते. त्या विजेचा वाटा धरणाच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला मध्यरात्री मिळावा, यात जी विसंगती आहे ती शेतकऱ्यांनी मोर्च्यांतून अनेकदा मांडली. २०१७ साली दिवसा सौरवीज देण्याची योजना राज्य सरकारने आणली. तिचा विचार साप-विंचवाच्या भयापोटी आणि पिकासाठी झाला, आणि ती कारणे खरीच आहेत. तिच्यात गरोदर बाईच्या झोपेचेही कारण मिळवावे.

सर्वांत कठीण अवस्था ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रीची. बीड, अहिल्यानगर येथून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रातील फडांवर कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत सुटका नाही आणि एका दिवसाचा खाडा पडला तर दंड. बाई पहाटे तीन-चारला उठते, स्वयंपाक करून अंधारात फडावर जाते, दिवसभर मोळ्या बांधते. आणि ट्रॅक्टर रात्री बारा वाजता आला तर रात्री बारा वाजता डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढून गाडी भरते. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत हे चालते. पाळीचा आणि आजारपणाचा खाडा परवडत नाही म्हणून गर्भाशयच काढून टाकण्याकडे या स्त्रियांना कसे ढकलले गेले, ते २०१९ साली उघडकीस आले. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची चौकशी केली. अशा स्त्रीला शास्त्राने जाऊन मेलॅटोनिनची महती सांगणे हा विनोद ठरेल. ट्रॅक्टर रात्री दहानंतर फडावर येऊ नये, हे कारखान्याला आणि वाहतूकदाराला सांगितले पाहिजे.

उजेड आणि गरोदर बाई यांच्या संबंधाची काळजी समाजाला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ग्रहणाच्या दिवशी ती काळजी उतू जाते. वेध लागल्यापासून मोक्षापर्यंत पोटुशीने अंधाऱ्या खोलीत बसावे, चिरू नये, कापू नये, पाणी पिऊ नये, नाहीतर मुलाचा ओठ फाटतो, असे शिकलेल्या घरांतही सांगितले जाते. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाच्या वेळी तर भल्या भल्या शहरांचे रस्ते ओस पडले होते. चंद्राची सावली काही मिनिटे पडल्याने गर्भाला काहीही होत नाही; उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये, हे गरोदर आणि बिगरगरोदर सर्वांनाच लागू आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गरोदर स्त्रियांना सोबत घेऊन ग्रहणात भाजी चिरून दाखवली, ते योग्यच केले. पण विचार करण्यासारखे हे आहे की वर्षा-दोन वर्षांतून येणाऱ्या त्या काही मिनिटांच्या सावलीसाठी जी सासू सुनेला घराबाहेर पडू देत नाही, तीच सून आठवड्यातून सहा रात्री दिव्याखाली उभी राहते तेव्हा घरात कोणी वेध पाळत नाही. पहिल्या काळजीला पैसा लागत नाही, दुसरीला पगार बुडतो.

येथून प्रश्न कायद्याकडे येतो. विजेच्या दिव्याने कामगाराची रात्र प्रथम कोठे हिरावली असेल तर ती मुंबईच्या गिरण्यांत. पूर्वी गिरणी सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. कामगारांनी त्याविरुद्ध उठाव केला. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले आणि बाळंतपणापूर्वीची विश्रांती हा राष्ट्राच्या हिताचा प्रश्न म्हणून मांडला. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात देशातला असा पहिला कायदा झाला.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या ६६ व्या कलमाने स्त्रियांना रात्री सात ते सकाळी सहा या वेळेत कामावर लावण्यास बंदी केली होती. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने ही बंदी समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. महाराष्ट्राने २०१५ साली कायद्यात दुरुस्ती करून स्त्रियांची रात्रपाळी खुली केली, आणि २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली, तिने स्त्रीची संमती व सुरक्षिततेच्या अटी यांवर सर्व आस्थापनांत ती मोकळी केली.

ही बंदी उठली याचे दुःख करण्याचे कारण नाही. रात्री बाहेर पडणारी बाई चांगली नव्हे, या समजुतीवर ती अर्धीअधिक उभी होती, आणि तिच्यामुळे अधिक मजुरीची कामे पुरुषांकडे जात. परंतु सर्व स्त्रियांवरची बंदी उठवणे आणि गरोदर स्त्रीचे संरक्षण काढून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. युरोपात हा भेद पाळला गेला. १९९१ साली तेथील न्यायालयाने स्त्रियांवरची सरसकट रात्रबंदी अमान्य केली आणि १९९२ च्या निर्देशाने गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला रात्री काम करण्यास भाग पाडता येणार नाही, असे ठरवले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९० च्या रात्रपाळीविषयक कराराने स्त्री-पुरुष सर्वांच्या रात्रकामाचे नियम केले आणि गरोदर स्त्रीला निदान सोळा आठवडे, त्यांतील आठ बाळंतपणापूर्वी, रात्रीच्या कामाला पर्याय देण्याचे बंधन घातले. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.

आपल्याकडे १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात, कष्टाचे, फार वेळ उभे राहण्याचे किंवा गर्भाला अपाय होईल असे काम नाकारण्याचा हक्क होता, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो तसाच आला. पण त्याचा काळ मोजून पाहावा. बाळंतपणाच्या आधीचे सहा आठवडे आणि त्यांच्या आधीचा एक महिना, एवढाच. डेन्मार्कच्या पाहणीत धोका दिसला तो आठव्या आठवड्यापासून, म्हणजे पोट दिसूही लागलेले नसते तेव्हा. कायदा जागा होतो तो सातवा महिना सरल्यावर. मधल्या पाच महिन्यांत बाईच्या हाती उरते ती संमती. ठेकेदाराच्या हजेरीपटावर असलेली, सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळणारी मुलगी दिवस राहिल्याचे कोणाला सांगतच नाही, कारण सांगितले की दुसऱ्या दिवशीपासून कामावर येऊ नकोस असे ऐकावे लागते. तिने केलेल्या सहीला संमती म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

म्हणून मागणी नेमकी असावी. गरोदर असल्याचे सांगितल्या दिवसापासून दिवसपाळी मिळावी. रात्रपाळीचा भत्ता धरून पूर्ण मजुरी चालू राहावी, नाहीतर कोणीही सांगणार नाही. सांगितल्यावर कामावरून कमी केले तर ते बेकायदा धरले जावे, मग ती कायम असो की कंत्राटी. जेथे परिचारिकेविना रात्र निभत नाही अशा ठिकाणी, डेन्मार्कमध्ये सल्ला दिला जातो त्याप्रमाणे, आठवड्याला एकाहून अधिक रात्र नसावी. आशा कार्यकर्ती मध्यरात्री दुसऱ्या बाईला बाळंतपणासाठी घेऊन जाते. ती स्वतः गरोदर असेल तर तिच्या जागी कोण जाणार, हेही ठरलेले असावे. मेलॅटोनिनच्या गोळ्या बाजारात मिळतात आणि उद्या एखादा मालक पाळीवर त्या वाटू लागला तर नवल वाटू नये. गरोदर बाईने डॉक्टरला विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नये, आणि संघटनेने त्या पर्याय म्हणून कदापि स्वीकारू नयेत.

घरी करता येण्यासारखे थोडे आहे, तेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत ७४१ गरोदर स्त्रियांच्या मनगटावर उजेड मोजणारे यंत्र बांधून पाहणी झाली. झोपण्यापूर्वीच्या तीन तासांत ज्यांना सर्वाधिक उजेड मिळाला त्यांच्यात गरोदरपणातील मधुमेह अधिक आढळला. २०२३ साली हे प्रसिद्ध झाले. तेव्हा निजण्याआधी मोबाइल बाजूला ठेवावा, पांढऱ्या एलईडीऐवजी पिवळा मंद दिवा लावावा. सकाळी अंगणात, ओट्यावर अर्धा तास उन्हात बसावे. आपल्या जुन्या घरांत आतल्या खोलीत दिवसा इतका अंधार असतो की घड्याळाला दिवस उजाडल्याचेच कळत नाही. जिला रात्रपाळी टळतच नाही तिला सकाळी आल्यावर काळ्या पडद्याची खोली आणि सलग झोप मिळावी, पाणी भरणे आणि धुणे-भांडी त्या दिवशी दुसऱ्याने करावीत. दुसऱ्याने याचा अर्थ घरातील पुरुषाने.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. हातात माता व बाल संरक्षण कार्ड असते. त्यावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, धनुर्वाताची सुई यांची नोंद होते. काम कोणत्या पाळीला करतेस आणि झोप किती तास मिळते, यासाठी कार्डावर रकाना नाही. सारोळ्याच्या परिसरातील महिला मंडळांनी आणि कामगार संघटनांनी हा रकाना सरकारकडे मागावा. तो छापून येईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या ९ तारखेपासून परिचारिकेने तो प्रश्न तोंडी विचारावा आणि उत्तर कार्डाच्या समासात पेनने लिहावे.